हलक्या स्पोर्ट्स कारचे सारथ्य

हलक्या स्पोर्ट्स कारचे सारथ्य म्हणजे साधारणतः एक टनाच्या आसपास वजनाची, दोन आसनी, मागच्या चाकांवर चालणारी आणि हस्तचलित गिअरची मोटार चालवण्याचे कौशल्य, तसेच ते कौशल्य अंगवळणी पडण्याची प्रक्रिया. अशा गाडीत क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर ही तीन पेडले आणि गिअरची दांडी इतर कोणत्याही हस्तचलित मोटारीसारखीच असते. तरीही अनेक वर्षे मोटार चालवलेल्या माणसाची गाडी पहिल्या दिवशी चौकात बंद पडते, गिअर बदलताना हिसके बसतात आणि वळणावर अंदाज चुकतो. चालकाच्या प्रत्येक हालचालीला ही गाडी अधिक लवकर आणि अधिक ठळक प्रतिसाद देते, हे त्यामागील मुख्य कारण होय. प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल मुख्यतः माझदा एमएक्स-५ ही जपानी मोटार घेतली आहे. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये जगात सर्वाधिक खपलेली गाडी तीच आहे.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत ब्रिटनमध्ये लहान, उघड्या टपाच्या आणि स्वस्त स्पोर्ट्स कारची परंपरा बहरली. लोटस सेव्हन (१९५७), ऑस्टिन-हीली स्प्राइट (१९५८), एमजीबी, ट्रायम्फ स्पिटफायर व लोटस एलान (तिन्ही १९६२) या त्यातील प्रमुख गाड्या. यांपैकी अनेकांची इंजिने साध्या घरगुती मोटारींतून घेतलेली असत. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा भर शक्ती वाढवण्यापेक्षा वजन कमी करण्यावर होता. शक्ती वाढवली तर तिचा लाभ प्रामुख्याने सरळ रस्त्यावर मिळतो. वजन घटवले तर वेग घेताना, थांबताना आणि वळताना अशा तिन्ही वेळी मिळतो, हे त्यामागचे साधे गणित. सत्तरच्या दशकात अमेरिकेतील सुरक्षितता व प्रदूषणविषयक नियम कडक झाले, जुन्या कंपन्यांना ते झेपले नाहीत, आणि १९८० मध्ये एमजीबीचे उत्पादन थांबल्यावर हा प्रकार जवळपास लयाला गेला.

त्याचे पुनरुज्जीवन जपानने केले. अमेरिकी मोटार-पत्रकार बॉब हॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझदाचे अभियंते केनिची यामामोतो यांच्यापुढे ब्रिटिश धर्तीच्या साध्या, उघड्या मोटारीची कल्पना मांडली. पुढे हॉल स्वतःच माझदात दाखल झाले. तोशिहिको हिराई यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेली ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम सादर झाली. अमेरिकेत ती ‘मियाटा’ या नावाने, तर जपानमध्ये सुरुवातीला ‘युनोस रोडस्टर’ या नावाने ओळखली गेली. १९९८, २००५ आणि २०१५ मध्ये तिच्या नव्या पिढ्या आल्या आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली. तिच्या रचनेचे सूत्र म्हणून कंपनी ‘जिनबा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग वापरते. घोडा आणि स्वार एकरूप होणे, असा त्याचा अर्थ आहे. जाहिरातीतील घोषवाक्ये सहसा गंभीरपणे घेण्याजोगी नसतात. हे मात्र घेण्याजोगे आहे. कारण नवशिक्या स्वाराचा आणि नवशिक्या चालकाचा दोष एकच असतो: तो फार जोराने ओढतो, फार उशिरा सोडतो आणि पुढे पाहण्याऐवजी समोरच्या हातभर जागेकडे पाहत राहतो.

आसन आणि दृष्टी

गाडीत बसताच जाणवणारा फरक म्हणजे उंची. चालक जवळजवळ जमिनीलगत, पाय पुढे पसरून आणि मागच्या चाकांच्या थोडाच पुढे बसतो. त्यामुळे मागचा भाग जरासा जरी सरकला तरी तो डोळ्यांना दिसण्यापूर्वी कंबरेला कळतो. अनुभवी चालक गाडी ‘बुडाने’ चालवतात असे गमतीने म्हटले जाते, त्यात शारीरिक तथ्य आहे.

आसन पुढे-मागे करताना क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात किंचित बाक राहील, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल, इतके अंतर ठेवतात. उंच व्यक्तींना या गाडीत पाय आणि डोके सामावणे कठीण जाते. विकत घेण्यापूर्वी टप लावून बसून पाहणे इष्ट.

बैठक खाली असल्याचे तोटेही आहेत. ट्रकच्या किंवा उंच मोटारीच्या चालकाला शेजारची ही गाडी आरशात दिसेलच असे नाही. म्हणून मोठ्या वाहनाच्या बरोबरीने रेंगाळू नये. मागे राहावे किंवा पुढे निघून जावे. गाडीचे पोट आणि रस्ता यांत अंतर कमी असल्याने उंच गतिरोधक, खड्डे आणि तळघरातील वाहनतळाचे उतार यांचा अंदाज नव्याने घ्यावा लागतो.

क्लच

इंजिनाला जोडलेले जडचक्र (फ्लायव्हील) आणि गिअरबॉक्सकडे जाणारी घर्षणतबकडी यांची सांधेजोड किंवा फारकत करणे हे क्लचचे काम. पेडल पूर्ण दाबले की फारकत होते. हळूहळू सोडत गेले की एका ठिकाणी तबकडी ‘धरू’ लागते. हे ठिकाण प्रत्येक गाडीत निराळे असते आणि नव्या गाडीची ओळख म्हणजे प्रथम या बिंदूची ओळख. त्यासाठी सपाट, मोकळ्या जागी ॲक्सिलरेटरला मुळीच न शिवता, केवळ क्लच अतिशय सावकाश सोडून गाडी चालती करण्याचा सराव करतात. काही वेळा गाडी बंद पडते. पडू द्यावी; त्याने गाडीची हानी होत नाही.

स्पोर्ट्स कारचे जडचक्र बहुधा हलके असते. जड चक्रात साठलेली गती नवशिक्याच्या चुका पोटात घालते. हलक्या चक्रात ती सोय नसते: पाय काढताच इंजिनाचे फेरे झपाट्याने उतरतात आणि क्लच थोडा जरी घाईने सुटला तरी इंजिन बंद पडते. घरच्या डिझेल मोटारीत केवळ क्लचवर गाडी हलवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना सुरुवातीचे काही दिवस हे फार खटकते.

दोन वाईट सवयी येथे सोडाव्या लागतात. चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवणे ही एक, आणि चढावर ब्रेकऐवजी ‘हाफ क्लच’वर गाडी तोलून धरणे ही दुसरी. दोन्हींमुळे तबकडी घासत राहते, तापते आणि अकाली झिजते. चढावर थांबल्यास हँडब्रेक ओढून धरावा, क्लच धरू लागल्याची जाणीव होताच ॲक्सिलरेटर देत हँडब्रेक सोडावा. ही पद्धत आपल्याकडील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात आणि परवाना मिळाल्यावर बहुतेक जण विसरतात.

गिअरची दांडी

इंजिन पुढे व लांबीच्या दिशेने बसवलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स चालकाच्या शेजारीच येतो. त्यामुळे दांडी थेट त्याच्यावर बसवता येते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींत हेच काम तारा किंवा जोडदांड्यांमार्फत करावे लागते. एमएक्स-५ मध्ये एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना दांडीची मूठ जेमतेम चार-पाच सेंटिमीटर सरकते. मनगटाने होणाऱ्या या कामाला नवशिका खांद्याचा जोर लावतो, आणि तेथेच चूक होते. दांडी मुठीत आवळून न धरता तळहाताने ढकलावी. मधल्या न्यूट्रल स्थितीत ती आपोआप तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या रांगेत येते, म्हणून तिला तिची वाट काढू द्यावी.

गिअरबॉक्समध्ये ‘सिंक्रोमेश’ नावाची योजना असते. वेगवेगळ्या वेगाने फिरणारे भाग एकमेकांत अडकण्यापूर्वी घर्षणाने समान वेगावर आणणे हे तिचे काम. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ती सर्व गिअरना नसे. एमजीबीचा पहिला गिअर १९६७ पर्यंत तिच्याविना होता. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये सर्व पुढच्या गिअरना ही सोय असली, तरी थंडीच्या सकाळी तेल घट्ट असताना दुसरा गिअर अडतो, अशी तिची ख्याती आहे. त्या वेळी जोर न लावता पहिली काही मिनिटे सावकाश गिअर बदलणे एवढाच उपाय.

चुकीचा गिअर

या गाडीतील सर्वांत महागडी चूक क्षणार्धात घडते. पहिल्या पिढीच्या १.६ लिटर गाडीत पाच गिअरची प्रमाणे अनुक्रमे ३.१३६, १.८८८, १.३३०, १.००० आणि ०.८१४ अशी असून मागील धुरीवरील अंतिम प्रमाण ४.३ आहे. मूळ मापाचे टायर धरून हिशेब केल्यास ताशी १०० किलोमीटर वेगाने पाचव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते. चौथ्यात ते सुमारे ३,९५०, तिसऱ्यात ५,२५० आणि दुसऱ्यात ७,४५० फेरे घेईल. या इंजिनाची धोक्याची मर्यादा ७,००० च्या आसपास आहे.

आता पाचव्यातून चौथ्यात येताना दांडी डावीकडे जरा जास्त ओढली गेली, तर हात चौथ्याऐवजी दुसऱ्यात जातो, कारण दोन्ही गिअर खालच्याच बाजूला आहेत. क्लच सोडताच चाके इंजिनाला बळेच मर्यादेपलीकडे फिरवतात. फेऱ्यांवर नियंत्रण ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येथे निरुपयोगी ठरते. ती इंधन तोडू शकते, परंतु गती इंधनातून येत नसून चाकांकडून येत असते. वेग ताशी १२० असेल तर हाच आकडा ९,००० च्या जवळ जातो. अशा वेळी झडपा वेळेवर मिटत नाहीत आणि इंजिन निकामी होऊ शकते. त्याच वेळी मागची चाके एकदम रोखली जातात, हा धोका इंजिनाच्या खर्चापेक्षा मोठा.

बचाव साधा आहे. घाईत गिअर बदलू नये. आणि क्लच सोडताना इंजिनाचा आवाज अपेक्षेपेक्षा चढू लागला तर पाय तत्काळ पुन्हा क्लचवर दाबावा.

फेरे जुळवणे

वरच्या गिअरमधून खालच्यात येताना इंजिनाला अधिक वेगाने फिरावे लागते. उपरोक्त गाडीत ताशी ६० किलोमीटर वेगाने तिसऱ्यातून दुसऱ्यात आल्यास फेरे सुमारे ३,१५० वरून ४,५०० च्या जवळ जातात. हा फरक क्लचने भरून काढला तर हिसका बसतो आणि तबकडी झिजते. म्हणून क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला हलका टोला देऊन फेरे आधीच वर नेतात. याला फेरे जुळवणे म्हणतात. किती टोला द्यायचा हे आकड्यांवरून ठरवता येत नाही. ते कानाने शिकायचे असते आणि त्यासाठी आरंभी रेडिओ बंद ठेवणे हिताचे.

याच्या पुढची पायरी म्हणजे ब्रेक लावत असतानाच फेरे जुळवणे. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या बाहेरच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटर दाबावा लागतो. इंग्रजीत तिला ‘टाच आणि अंगठा’ अशा अर्थाचे नाव आहे; परंतु आधुनिक गाड्यांतील पेडले जवळजवळ असल्याने बहुतेक जण टाच न वापरता पावलाची कडच वापरतात. रुंद तळव्याचे, जाड सोलाचे बूट यासाठी गैरसोयीचे. रस्त्यावर सामान्य वेगाने जाणाऱ्याला ही युक्ती येणे अनिवार्य नाही. फेरे जुळवणे नीट जमण्याआधी तिच्या मागे लागणाऱ्यांचा ब्रेकवरील दाब कमी-जास्त होतो आणि मागच्या वाहनचालकाची त्रेधा उडते.

वळण

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाके दिशा देतात आणि मागची चाके ढकलतात. कामाची ही विभागणी झाल्याने स्टिअरिंग स्वच्छ व बोलके राहते. एमएक्स-५ मध्ये वजन पुढील व मागील चाकांवर जवळपास सारखे विभागलेले आहे, तर गिअरबॉक्स व मागील विभेदक यांना जोडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चौकटीमुळे ॲक्सिलरेटरचा परिणाम विनाविलंब चाकांपर्यंत पोचतो. हे गुण चालकाच्या चुकांनाही तितक्याच तत्परतेने चाकांपर्यंत पोचवतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलणे. पाय उचलताच इंजिनाचा रोध मागच्या चाकांवर पडतो, शिवाय गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागच्या टायरांची पकड सुटते. गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. पुढच्या चाकांवर चालणारी घरगुती मोटार वेगात वळली तर बहुधा नाक बाहेर काढते, आणि पाय उचलल्यावर पुन्हा रांगेत येते. म्हणजे वर्षानुवर्षे ज्या प्रतिक्षिप्त कृतीने चालकाला वाचवले, तीच येथे त्याला संकटात टाकते. सराव म्हणतात तो मुख्यतः ही एक सवय मोडण्यासाठी असतो.

भर द्यायचा तो क्रमावर. वळणापूर्वी, चाके सरळ असतानाच ब्रेक लावून वेग कमी करावा व गिअर बदलून घ्यावा. वळणात ॲक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवावा. रस्ता सरळ होऊ लागेल तसतसा तो वाढवावा. नजर वळणाच्या शेवटाकडे असावी. मागचा भाग घसरलाच, तर ज्या दिशेला तो घसरत आहे त्याच दिशेला स्टिअरिंग फिरवावे, आणि गाडी सावरू लागताच तितक्याच त्वरेने परत सरळ करावे. पहिले अर्धे काम बहुतेकांना जमते. दुसरे अर्धे राहून गेल्याने गाडी उलट बाजूला फेकली जाते.

पहिल्या पिढीच्या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २,२६५ मिलिमीटर होते, म्हणजे मारुती ८०० पेक्षा केवळ नऊ सेंटिमीटर जास्त. इतकी आखूड गाडी चपळ असते, पण घसरू लागली की तितक्याच चपळाईने गरगरते. युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची आहे. जुन्या गाड्यांत ती नसते. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी ती बंद करून सार्वजनिक रस्त्यावर प्रयोग करू नयेत. यासाठी बंदिस्त मैदाने आणि प्रशिक्षणवर्ग अनेक देशांत उपलब्ध आहेत.

ओल्या रस्त्यावर हे सर्व कमी वेगात घडते. पावसाच्या पहिल्या सरीने रस्त्यावरील तेल व धूळ यांचा राड होतो तेव्हा, तसेच पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर, फेरे न जुळवता खालचा गिअर टाकणेही मागची चाके घसरण्यास पुरेसे होते. हलकेपणाचा आणखी एक परिणाम येथे दिसतो: शेजारी ७५ किलोची एक व्यक्ती बसली तरी सुमारे ९५० किलोच्या गाडीचे वजन आठ टक्क्यांनी वाढते, आणि एकट्याने केलेल्या सरावाचा अंदाज दोघे असताना किंचित चुकतो.

पूर्वीच्या सवयी

स्वयंचलित गिअरवर शिकलेल्या चालकाचा डावा पाय अशिक्षित असतो. तो क्लच समजून ब्रेक दाबतो किंवा थांबताना क्लच विसरतो. भारतीय चालकापुढील अडचण वेगळी आहे. त्याला क्लच येतो, पण इंधन वाचवण्यासाठी लवकरात लवकर वरचा गिअर टाकण्याची सवय असते. स्पोर्ट्स कारच्या इंजिनाची शक्ती वरच्या फेऱ्यांत आहे. चौथ्या पिढीतील १.५ लिटर इंजिन आपली कमाल शक्ती मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर देते. वाहन ओलांडताना खालचा गिअर ठेवून इंजिनाला चढू द्यावे लागते, आणि तो चढा आवाज म्हणजे बिघाड नव्हे, हे मनाला पटायला काही दिवस लागतात. उलट, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा आपल्याकडील जुन्या चालकांचा दंडक या गाडीलाही जसाच्या तसा लागू पडतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला आणखी एक फरक जाणवतो. तेथे स्टिअरिंग डावीकडे असल्याने गिअर उजव्या हाताने बदलावा लागतो. पेडलांचा क्रम आणि गिअरचा आराखडा मात्र बदलत नाही. त्यामुळे भारतात शरीरापासून दूर असलेला पहिला गिअर तेथे शरीराजवळ येतो, आणि पाचवा दूर जातो. उजव्या हाताला आरंभी तिसरा गिअर सापडत नाही.

परवाना आणि भारतातील स्थिती

ब्रिटनमध्ये स्वयंचलित मोटारीवर परीक्षा देणाऱ्यास हस्तचलित मोटार चालवता येत नाही; जपानमध्ये केवळ स्वयंचलित मोटारीपुरता मर्यादित परवाना १९९१ पासून दिला जातो. नव्या मोटारींत हस्तचलित गिअर दुर्मीळ होत चालल्याने, एकेकाळी सर्वांना येणारी ही विद्या अनेक देशांत स्वतंत्रपणे शिकावी लागते.

माझदा कंपनी भारतात आपल्या मोटारी विकत नाही. आपल्याकडे हे नाव परिचित आहे ते ‘स्वराज माझदा’च्या लहान ट्रक व बसगाड्यांमुळे. बंगळूरच्या सॅन मोटर्सने ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरची, रेनॉ इंजिनाची दोन आसनी उघडी मोटार काढली होती, पण तिचा प्रसार झाला नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हस्तचलित मोटारीची सवय मात्र महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमिअर पद्मिनी आणि सरकारी कचेऱ्यांतील ॲम्बेसेडर या दोन्ही तशाच होत्या, आणि दीर्घकाळ त्यांची गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर होती. १९८३ च्या डिसेंबरात पुढच्या चाकांवर चालणारी मारुती ८०० आली आणि त्यानंतर शिकलेल्या पिढ्यांची सवय बदलली.